नदी काढलेली नाही

गणपती पेठेत माझं फ्रेमचं दुकान.
देव, लग्नं आणि गेलेली माणसं,
तिघांना एकच काच.
आण्णाप्पा मगदूम पायरी चढले तेव्हा वाटलं,
घरात कुणीतरी गेलं असणार.

त्यांनी काखेतली गुंडाळी गल्ल्यावर ठेवली.
म्हणाले, पटवेगार, फ्रेम नको. पेटी पाहिजे.
शिवणीची. खिळा न मारता.
आत वेखंडाची पुरचुंडी मावली पाहिजे.

हळदीचे अडते. तिशीत कलकत्त्याला वसुलीला गेलेले.
तिथं बूट शिवणारा एक चिनी म्हातारा
दुकान मोडून लेकाकडं निघाला होता.
हे बुटांचा जोड घ्यायला शिरले
आणि निम्मी वसुली देऊन कागद घेऊन आले.
वडील दोन महिने बोलले नाहीत.
"बूट मात्र चांगले होते," अजून म्हणतात.

पेटी झाली त्या दिवशी मला घरी बोलावलं.
हात धुतले, पुन्हा धुतले.
नखांच्या कडेचा पिवळा काही जाईना.
मग उजवीकडून उलगडत गेले, एका वेळी एकच हात.
डावा उघडतो, उजवा मिटत जातो.
सगळं एकदम बघायचं नाही, म्हणाले,
हळदीचं पेवसुद्धा कुणी एकदम उपसत नाही.

डोंगर. ढग. फुटकं झोपडं.
पुलावर एक वाकलेला माणूस,
मागं पोरगा, पोराच्या पाठीवर लांबडं वाद्य.
"हा मिरजेला चाललाय," आण्णाप्पा म्हणाले,
"तारा लावून घ्यायला."
आणि नदी?
"काढलेलीच नाही. नुसता कागद सोडलाय.
तुला दिसली ना पण?"

पुढं अक्षरं. मला एक वाचता येईना.
पण वडील माझे खतात लिहायचे, बोरूनं,
म्हणून हात कळला:
कुठं श्वास धरलाय, कुठं शाई संपत आली तरी
गडी थांबला नाही.

पुण्याहून एक जाणकार येऊन गेले. भिंग लावलं.
म्हणाले, नक्कल आहे. दीडशे वर्षांची असेल, पण नक्कलच.
आण्णाप्पांनी त्यांना चहा दिला.
मग मला म्हणाले,
गुरूची चीज शिष्यानं गायली
तर तिला काय खोटी म्हणायची?

त्या पुरात पाणी माळ्याला लागलं.
होडीत बसताना त्यांच्या डोक्यावर माझी पेटी होती.
खतावण्या मागं राहिल्या.
चौथ्या दिवशी उघडल्या तर पांढऱ्या फटक,
निळ्या शाईतलं सगळं येणं
कृष्णेनं वसूल केलेलं.
पेटीतही पाणी शिरलंच होतं.
माझ्या जोडात चूक होती. मी ते त्यांना सांगितलंय.

पण अक्षर एक हललं नव्हतं.
काजळ आणि सरस; वाळलं की वाळलं.
फक्त जिथं नदी काढलेली नव्हती
तिथं गढूळ तांबूस एक रेघ, आडवी, हातभर.
मी म्हटलं, उतरवून बघतो, ओला कापूस लावून.
ते बराच वेळ बघत बसले.

कडेला हिंगुळाचे अकरा शिक्के.
ज्याच्या ज्याच्याकडं गुंडाळी राहिली, त्यानं त्यानं मारलेले.
आण्णाप्पांकडं शिक्का एकच, पोत्यांवर मारायचा.
कितीदा खिशात घालून बसले, मला माहीत आहे.
"असू दे," म्हणाले. "बारावा तिचाच."

आता गुंडाळी माझ्याकडं असते.
त्यांचे हात थरथरतात, लेकीला किंमत विचारायची असते.
मी पेटी पुन्हा केली, जोड नीट बसवून.
उन्हाळ्यात एकदा हवा दाखवायला काढतो,
दुकानाचं शटर अर्धं ओढून.
गेल्या खेपेला कडेला बोटाएवढा पिवळा डाग दिसला.
भिंगानं बघितला. वास घेतला.

कापूस कोरडाच परत ठेवला.