पुढे चाल

क्रीडाशिक्षकाची जागा चौथ्या वर्षीही भरली नाही,
तेव्हा प्राचार्य म्हणाले, शिरोडे, फुटबॉलचं जरा तुम्हीच बघा.
मी रसायनशास्त्राचा प्रयोगशाळा सहायक.
मला चुना कळतो. पाण्यात टाकला की तापतो, एवढं.
तर मैदान आखायचं तरी माझ्याच खात्यातलं निघालं.

मैदानाच्या मधोमध क्रिकेटची खेळपट्टी.
तिच्यावरून उसळलेला चेंडू कुणाचंच ऐकायचा नाही.
पश्चिमेला गंगापूर रोडचे नवे टॉवर,
त्यांच्या सावल्या चार वाजताच पेनल्टी बॉक्समध्ये येऊन उभ्या,
कुणाला पासही न देता.

चौदा पोरं जमली.
इगतपुरीचा इमॅन्युएल, आजोबा रेल्वेच्या टीमचे फुलबॅक,
हे तो दर तिसऱ्या वाक्याला सांगे.
वडाळ्याचा तौसीफ गॅरेजमधून थेट यायचा,
त्याचा हात लागला की चेंडूवर ग्रीसचा पुरावा.
मोहाडीच्या थेटेची हजेरी बागेच्या छाटणीवर.
गोलात निरभवणे, कारण तो उंच होता, आणि कारण दुसरं कुणी नव्हतं.
आणि पेठकडचा हिरामण भोये,
बूट घातले की लंगडणारा,
काढले की कुणाच्या हाती न लागणारा.
नियमात बूट सक्तीचे.

पहिल्या सामन्याला समोरचा संघ आलाच नाही.
पंचांनी पंधरा मिनिटं घड्याळ पाहिलं,
रिकाम्या अर्ध्या मैदानाकडे तोंड करून शिट्टी मारली
आणि कागदावर लिहिलं : पुढे चाल.
आम्ही नाचलो. खरंच नाचलो.
निरभवणेला खांद्यावर घेतलं, काहीही न अडवल्याबद्दल.

दुसरा सामना सातपूरच्या एका बचावपटूच्या गुडघ्यानं जिंकून दिला,
त्याच्याच गोलात.
असे आम्ही उपांत्य फेरीत,
स्वतः एकही गोल न करता.
पेपरात एक चौकट आली, ‘घोडदौड कायम’.
कॉलेजचं नाव चुकलेलं. कात्रण तरी नोटीस बोर्डावर लागलं.

देवळालीचं मैदान म्हणजे गवत.
पोरं आधी वाकली, हात फिरवून पाहिला,
कापडाच्या दुकानात बायका पाहतात तसा,
घ्यायचं नसताना.
मध्यंतराला चार-शून्य.
मी बोलायला काहीतरी शोधत होतो,
तेवढ्यात तौसीफनं खिशातून गॅरेजचं पातं काढलं,
हिरामणचे बूट मांडीवर घेतले
आणि दोन्हींचे तळ सफाईनं कापून टाकले.
वरचं कातडं तेवढं राहिलं, नाडीसकट.
कॉलेजचे बूट होते. मी मान वळवली,
दूर तोफखान्याच्या डोंगराकडे.

मग डावीकडून कुणीतरी पळालं.
ते धावणं मी पूर्वी मैदानावर पाहिलं नव्हतं,
उतारावर, पेठच्या वाटेवर, दुरून, एकदा पाहिलं होतं.
इमॅन्युएलचा पास तसा चुकीचाच,
पण चुकीच्या जागी तो आधीच पोचलेला.
जाळं हललं.
थेटे रडायलाच लागला, वेडा, चार-एक असताना.

कोपऱ्याजवळ चुन्याच्या रेषेवर
पाच बोटं उमटली होती, टाचही, स्पष्ट.
पंच तिकडेच येत होते.
मी चेंडू आणायच्या निमित्तानं गेलो
आणि चपलेनं ती पुसली.
तीस वर्षांच्या नोकरीत
तेवढा एकच पुरावा मी नष्ट केलाय.

पाच-एक हरलो.
परतताना बसमध्ये कुणी हरल्यासारखं बसलं नव्हतं,
कंडक्टरनं दोनदा दटावलं.

मार्चमध्ये ऑडिटचे साहेब आले.
डेडस्टॉक रजिस्टरात माझ्याच अक्षरात :
बूट, जोड एक, तळ नाहीत.
नाहीत म्हणजे?
मी कपाट उघडून दाखवले.
त्यांनी एकात हात घातला,
बोटं खालून बाहेर आली, त्यांनी ती हलवून पाहिली.
हसले. म्हणाले, निर्लेखित करून टाका.

हो म्हटलं.
अजून केलेले नाहीत.