कलता कान

चिंचबंदरच्या मागच्या गल्लीत तायशेट्यांची वखार होती.
दारावर पाटी नव्हती. वास हीच पाटी.
मी तेव्हा बारा वर्षांचा, पोती शिवायचो.
दाभण बोटात घुसलं की रघुवीरशेठ म्हणायचे,
"रक्त पोत्याला लावू नकोस, माल बदनाम होतो."

सुपारी ते डोळ्यांनी पारखत नसत.
दोन फळं घेऊन उजव्या कानाशी एकमेकांवर आपटायचे.
ठण् वाजली तर भरलेली.
ठप् वाजली तर आत कीड.
गिऱ्हाईक बोलू लागलं तरी तेच,
मान जराशी कलती.

चोपन्न साली पेडण्याहून एक पोरगा आला,
इनास कुतिन्यो. बोलला काही नाही.
सदरा वर करून पाठ दाखवली फक्त.
शेठनी मान कलती केली ती तशीच ठेवली,
जणू पाठही वाजते.
त्या रात्री रोजमेळ लागला नाही.

मग बांद्याला जाणारी पोती जड येऊ लागली.
शिवण मीच घालायचो, दुहेरी.
आत काय, विचारलं नाही;
सुपारी खणखणत नाही, एवढं कळत होतं.
आणि एका पहाटे पोत्यांबरोबर
शेठही गेले.
पन्नाशीला टेकलेला, मूळव्याधीचा माणूस,
झुरळ दिसलं तर आम्हाला हाक मारणारा.

तेरेखोलच्या खाडीकाठी
चौकीवरचा कंदील त्यांनी पहिल्या गोळीत फोडला.
"उरलेल्या अकरा वाया गेल्या," हेही त्यांनीच सांगितलं.
तोटा लपवणं रक्तात नव्हतं.
इनासचं मात्र काही सांगितलं नाही.
परतले ते लंगडत,
आणि उजवा कान तिकडेच ठेवून.
स्फोट त्याच बाजूला झाला होता.

लोकांनी हार घातले, मग मतं घातली.
सचिवालयात पुरवठ्याचं खातं मिळालं.
आता ते डावा कान पुढे करायचे.
विरोधक म्हणत, मंत्री डाव्यांचंच ऐकतात.
सभागृह हसायचं. ते हसायचे नाहीत,
कारण ते वाक्य उजवीकडून आलेलं असायचं.

टंचाईच्या वर्षी, आषाढात,
तीन इन्स्पेक्टर घेऊन ते वखारीत आले.
गादीवर धाकटे भाऊ, वामनशेठ. चोपड्या माझ्या हातात.
"दादा, दाणा नाही आपल्याकडे. शप्पथ."
दादा मागच्या भिंतीशी गेले.
बोटाच्या पेरानं ठोकलं,
डावा कान चुन्याला लावला.
ठप्.
इथे नियम उलटा.
"भरलेली आहे," एवढंच म्हणाले.

तीनशे अकरा पोती तांदूळ निघाला.
शिवण माझी होती, दुहेरी.
त्यांनी ती अंगठ्यानं चाचपली
आणि माझ्याकडे पाहिलं नाही.
वखारीत अजून चार आणे हिस्सा त्यांचा,
म्हणून पंचनाम्यात
आरोपी क्रमांक दोन
मंत्र्यांनी स्वतः लिहून घातला.

पुढच्या निवडणुकीत डिपॉझिट गेलं.
चिंचबंदरानं पेढे वाटले.
मीही खाल्ला एक. गोड होता, खोटं का बोलू.

शेवटी खेतवाडीत दोन खोल्या.
डावा कानही हळूहळू मिटला.
मी रविवारी जायचो, शिळी सुपारी घेऊन.
ते फळं कानाशी आपटायचे,
पुन्हा आपटायचे,
खिडकीकडे बघत बसायचे.
वामनशेठच्या तेराव्याचं आमंत्रण
देवापुढे तसंच पडलेलं.
एकदा फळं माझ्या तळव्यावर ठेवून म्हणाले,
"तू सांग."

आपटली. आत कीड होती.
मी त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन,
ओठ मोठे करून म्हणालो,
"भरलेली आहे, शेठ."

त्यांना काहीच ऐकू आलं नसणार.
तरी त्यांनी
मान जराशी कलती केली.