तीन हजार मीटरच्या वर

दोन्या सांतुसा लॅपटॉप आणते पाठीवर, विणलेल्या कापडात बांधून,
बटाटे आणते तसाच.
एल आल्तोचा गुरुवारचा बाजार. माझं टेबल
जुने पंखे विकणारा आणि उकडलेला मका, या दोघांच्या मधोमध.
"टिक टिक करतो," ती म्हणाली, "आणि मग काहीच नाही."
कान लावायची गरज नव्हती. तरी लावला,
वैद्यानं नाडी धरावी तसा,
मजुरीची लाज राखायला.

डिस्क गेली होती.
बारा वर्षांचं यंत्र. एक बिजागरी तारेनं शिवलेली,
क्यूचं बटण पुसून गुळगुळीत:
आयमारा लिहिणाऱ्यांचं तेच आधी झिजतं.

फडक्यावर तीन मांडल्या.
एक फिरती, पाचशे जीबी, कुणाच्या तरी मेलेल्या लॅपटॉपमधली, स्वस्त.
एक न फिरणारी, दोनशे चाळीस, नवी.
एक हजारची, डब्यासकट, जिची किंमत ऐकून ती नुसती हसली.
मीही रेटलं नाही. या यंत्राची वाटच अरुंद,
कितीही वेगाची घाला, दारात थांबणार.
नाकापेक्षा मोती जड.

तिनं पहिली उचलली, तळहातावर तोलली.
"हीच दे. हिला वजन आहे. ती दुसरी म्हणजे रिकामी काडेपेटी.
आणि ही गुरगुरेल. माझी गुरगुरायची.
अंधारात कळायचं, जागी आहे."

मग मी सांगितलं, जे गिऱ्हाइकाला सांगू नये:
आत एक सुई असते, तबकडीला न टेकता
हवेवर तरंगणारी, केसाच्या जाडीहूनही कमी उंचीवर.
झाकणावर हे भोक बघ, "बंद करू नये" लिहिलेलं.
इथून ती श्वास घेते.
आणि कारखान्याच्या कागदावर, बारीक अक्षरांत:
तीन हजार मीटरपर्यंत.
आपण चार हजारांच्या वर उभे आहोत, दोन्या.
इथली हवा तिला पेलत नाही.
सुई खाली येते, खाली येते,
एक दिवस टेकते.

"म्हणजे ही खालच्या लोकांसाठी केलीय."
"हो."
"मग तिला थोडा कोका चघळायला दे."

आत काय होतं, हे मी फार उशिरा विचारलं.
चौदा वर्षांचा पहाटेचा रेडिओ.
बटाट्याचे भाव. हरवलेल्या लामांच्या कानातल्या दोऱ्यांचे रंग.
कुणाच्या लग्नाला यावं, कुणाच्या मातीला.
सगळं मिळून साठ जीबीसुद्धा नाही,
आणि सगळा तिचाच आवाज.
"दुसरीकडे कॉपी ठेवली होती?"
तिनं माझ्याकडे पाहिलं. आमच्या भाषेत
झालेलं सगळं पुढे असतं, डोळ्यांसमोर,
व्हायचं ते पाठीमागे, न दिसणारं.
"समोरच होतं ना," ती म्हणाली.
"समोरच्याची कोण कॉपी ठेवतं?"

टिकटिकीतून चार दिवसांत अकरा पहाटा निघाल्या.
बाकीच्या खरवडल्या गेल्या होत्या.

काडेपेटीच बसवली.
ती सात मिलिमीटर, खण साडेनऊचा,
फटीत बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा. चारांतले तीन स्क्रू.
यंत्र वीस सेकंदांत उठलं, चकार शब्द न काढता.
ती अजून वाट बघत होती.
"झालं," मी म्हटलं.
"कळलंच नाही," ती म्हणाली.
कौतुक होतं की तक्रार, ते मला कळलं नाही.

जुनी तिनं उघडून मागितली.
तबकडी हातात दिली, तर त्यात बघून आधी टोपी सरळ केली,
मग मजुरीत पाच बोलिव्हियानो कमी दिले,
पुठ्ठा घरचा म्हणून.

एप्रिलमध्ये लाहाच्या वाटेवर तिचं किनुआचं शेत लागलं,
लाल, कापणीला आलेलं.
मधोमध काठी, काठीला लोकरीचा धागा,
धाग्याला ती तबकडी, उन्हात लखलखत, वाऱ्यावर.
पाखरं बांधापलीकडे.
मी मिनिबसच्या खिडकीतून फेरे मोजायला लागलो.
मिनिटाला पाच हजार चारशे काही नव्हते.