अनुक्रमणिका

कुशिरोच्या बंदरामागे माझं दुकान, दोन चटयांएवढं.
बाहेर धुकं, आत सोल्डरचा वास.
उओझुमी कानामे आला तेव्हा मी
एका डॅट यंत्राचं हेड स्पिरिटने पुसत होतो.

त्याने खिशातून मिनीडिस्क काढली,
निळी, बिस्किटाएवढी,
कडेला पेन्सिलीने: आबाशिरी, फेब्रुवारी, बर्फ.
"आईची आहे. पाच यंत्रांत घालून पाहिली.
पाचही म्हणतात, कोरी."

घाईत दिसला नाही, म्हणून चहा ओतला
आणि माझं नेहमीचं पुराण लावलं.
डॅट सगळं ठेवते, श्वाससुद्धा, पण थंडी सोसत नाही तिला,
हेडवर दव धरलं की फीत चिकटते आणि चुरगळते.
सीडी उन्हाला भिते.
एमपीथ्री कुठेही मावते,
निम्मं सामान टाकून आलेल्या भाडेकरूसारखी.
आणि हे कार्ड, नखाएवढं,
सगळं गाव गिळून बसतं
नि एक दिवस काही न बोलता मरतं.
फीत निदान मरताना कण्हते.

"आणि ही?"

ही काटकसरी. कानाला लागणार नाही असं तिला जे वाटतं
ते पाखडून टाकते, पाचांतला एक दाणा ठेवते.
पण खोड अशी, की आधी मजकूर लिहिते,
अनुक्रमणिका शेवटी, थांबवल्यावर.
तिथल्या गारठ्यात बॅटरीने मान टाकली असेल
तुझ्या आईने बटण दाबायच्या आत.
म्हणजे कोरी नाही ही.
आपल्या पोटात काय आहे ते तिला ठाऊक नाही, इतकंच.

दुसऱ्या एका डिस्कवर मी चौऱ्याहत्तर मिनिटं
काहीच भरलं नाही,
म्हणजे शांतता भरली, नीट, एका तुकड्यात.
नावातलं एक अक्षर बदललं.
मग दाराची कळ टाचणीने दाबून धरली,
दार उघडलं हे यंत्राला कळू दिलं नाही,
डिस्क बदलली,
आणि शांततेची अनुक्रमणिका
निळीच्या कपाळी लिहिली.

बर्फ आला.
आधी बिजागरीसारखा,
मग मोठ्या जनावराने झोपेत कूस बदलावी तसा.
मध्ये तिचं नाक ओढणं. एकदा पुटपुटली,
"थांब ना जरा,"
बर्फाला की बॅटरीला, कळलं नाही.
एकतीस मिनिटं.
खट्.

बंद करायला हात नेला, तर पुढे आवाज होता.
एक मुलगा, सातएक वर्षांचा,
नवाचा पाढा म्हणत होता,
नऊ साती त्रेसष्टवर अडकत होता,
पुन्हा पहिल्यापासून येत होता.

कानामेचा कप टेबलावर टेकेना.
"हा मी."
बऱ्याच वेळाने, "म्हणजे मला पुसून तिने बर्फ भरला."

पुसलं कुठे, मी म्हटलं.
यंत्र पुसत नाही. यादीतून नाव काढतं
आणि जागा मोकळी आहे असं धरून चालतं.
बर्फाला एकतीस मिनिटं पुरली.
उरलेला तू तिथेच होतास.

तो हसला की काय, पाठमोरा होता.
"कार्डावर घालून द्या."
बर्फ की पाढा?
"दोन्ही. मधलं ते खट् पण."

फाइलला नाव काय देऊ, विचारलं.
पेन्सिलीच्या अक्षरांकडे पाहत राहिला.
"कोरंच असू दे."
कोरं नाव संगणक घेईना.
मी शून्य एक टाकलं.
बाराशे येन झाले. त्याने पावती मागितली.