टॉवेलाखाली

अंगावरनं वारं गेलं, असं म्हणतात आमच्यात.
त्या दिवशी कसबा बावड्यात पान हलत नव्हतं.
हे दावं सोडायला वाकले
आणि वाकलेलेच राहिले.
म्हैस वळून बघायला लागली.

सीपीआरमध्ये सतरा दिवस.
डॉक्टरनी फोटो उजेडाला धरला,
म्हणाले, मेंदूत डावीकडं रक्त अडलंय,
म्हणून उजवी बाजू गेली.
मला ते उलटं वाटलं,
पण सही कुठं करायची तेवढंच विचारलं.

घरी आले ते एकच शब्द घेऊन.
चारदाती.
चहा पाहिजे, चारदाती.
लघवीला लागली, चारदाती.
सून समोर आली की चारदाती, ती पदर सावरत आत.
नातू म्हणाला, आजोबा परत बैल विकायला लागले.
मी म्हटलं, अहो, माझं तोंड कधीच जुळलंय,
वरनं तीन दात पडलेत,
मला तरी खरं वय लावा.
हसले.
हसू डाव्या बाजूनंच वर चढलं.

गडहिंग्लजची एक पोरगी येते स्कुटीवरनं,
मंगळवार-शुक्रवार, फिजिओची.
म्हणाली, आजी, रोज शंभरदा बोटं चाळवा,
एकेक सुटं करून.
कणीक मळायला द्या, दोरीला चिमटे लावू द्या.
चिमटे खाली पडायचे.
आणि कणकीत हात नुसता पडून,
दुसऱ्या कुणाचा तरी
आमच्या परातीत विसरून राहिल्यासारखा.

लाज वाटायची त्यांना.
गल्लीतनं कुणी डोकावलं की
चांगल्या हातानं टॉवेल ओढून घ्यायचे उजव्यावर.
मग मी टॉवेलाखालीच हात घातला.

तेव्हा ध्यानात आलं.
चाळीस वर्षं वडगावच्या बाजारात
केरबा हेडीचं खरं बोलणं टॉवेलाखालीच झालं.
वर तोंडानं ऊस, पाऊसपाणी, कुणाच्या पोरीची सोयरीक.
खाली बोटं.
कुठलं बोट दाबलं की किती,
ते मला कधी सांगितलं नाही.
बायकांचं काम नव्हे म्हणाले.
घरी यायचा तो ठरलेला आकडा,
घासाघीस सगळी बाहेर.

आता रोज दुपारी, भांडी झाली की,
मी खोटा सौदा करते.
करंगळी दाबते. बोला, एवढ्याला देता?
काही नाही.
अंगठा. काही नाही.
जून गेला, जुलै गेला,
राजाराम बंधारा पाण्याखाली गेला,
शेजारी गहू माळ्यावर चढवत होते
आणि मी इथं करंगळीशेजारचं बोट दाबत होते.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी मधलं बोट हललं.
मग त्याच्या शेजारचं.
दाबलं म्हणण्यासारखं नव्हे,
माशी बसते तेवढंच.
पण बसली, आणि उडाली नाही.

दस्तगीर मुल्लाणींना निरोप धाडला.
बाजारातले जुने जोडीदार,
एका डोळ्यात मोतीबिंदू.
त्यांनी बूड टेकलं, टॉवेल सारखा केला,
आत हात घातला
आणि आढ्याकडं बघत
कारखान्याच्या बिलाचं बोलायला लागले.
बराच वेळ.
मला वाटलं, कशाला आलोय तेच विसरले.

मग हात बाहेर काढला, लेंग्याला पुसला.
काय म्हणतात, मी विचारलं.
"नाय म्हणतोय वहिनी.
एवढ्याला देत नाय. अजून चढा म्हणतोय."

चहा टाकायला आत गेले तर
साखरेचा डबा सापडेना, समोर असून.
बाहेरनं आवाज आला, चारदाती.
मग दस्तगीरभाईंचा,
हां हां, कळलं, त्याला साखर कमी.

जाताना त्यांनी मला पाच आकडे शिकवले,
उंबऱ्यात उभं राहून, पदराखाली, घाईघाईनं.
सहावा त्यांनाच नीट आठवेना.
तो ह्यांना विचारायचा राहिलाय.