आढळला नाही

आगपेटीतून आला होता केस.
सुरगाण्याहून, पहाटेच्या एसटीने,
धवळू भोयेच्या खिशात, तंबाखूच्या पुडीला चिकटून.
त्याने पेटी टेबलावर ठेवली,
स्टूल पुढे केलं तरी बसला नाही.
"उभ्याचा आहे," म्हणाला.

उभ्या म्हणजे तो,
जो त्यांच्या पाड्याच्या वरच्या रानात दोन पायांवर चालतो,
मोहाच्या दिवसांत खांद्याने फांदी वाकवतो,
आणि हाक मारली तर थांबतो.
वळत नाही.

मी प्राणिशास्त्र शिकवते.
बावीस वर्षं गंगापूर रोडवरच्या पोरांना सांगत आले:
बिनशेपटीचा वानर आपल्या देशात एकच, हूलॉक,
तोही पार ईशान्येकडे, झाडावरून न उतरणारा.
सह्याद्रीत असा कुणी असता
तर एखादा दात सापडला असता. जबड्याचा तुकडा.
मेलेला कुणालाच कसा दिसला नाही?
प्रजा वाढवायला एक पुरत नाही, धवळू,
निदान पन्नास तरी लागतात.
"पन्नास कशाला," तो म्हणाला, "आम्हीच तेरा घरं आहोत."

केस काट्यावर ठेवला.
आमचा काटा मिलिग्रॅमपर्यंत मोजतो.
शून्य.
मग आकडे थरथरले,
तर तो माझाच श्वास होता.

पायाचा साचाही आणला होता, गोणपाटात गुंडाळून.
टाच लांब, थेट माणसाची.
पण बोटांपुढे पाच खड्डे, नखांचे.
अस्वलाचा मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेवर पडला
की असा राक्षसी ठसा उमटतो.
"अस्वल तर आहेच की," तो म्हणाला, "त्यात काय?"
वनखात्याच्या वहीत त्या रानात अस्वल नाही.
मी हे त्याला सांगितलं नाही.

एक्केचाळीस रात्री कॅमेरे लावले पाणवठ्यावर.
तरस. साळिंदर. पुन्हा साळिंदर.
बिबट्याची अर्धी शेपूट.
भलत्या वेळी सुटलेली कुणाची तरी शेळी.
बाकी सगळं गवत, वाऱ्याने हललेलं, हजारो वेळा.
"तो पाण्यावर येत नाही," धवळू म्हणाला,
"मी पहिल्याच दिवशी बोललो होतो, बाई."
खरंच बोलला होता. माझ्या टाचणवहीत आहे.
पण प्रत्येक रिकाम्या फोटोला एक सबब मान्य करत गेले
तर शेवटी उभ्या उरतो,
आणि त्याला खोटं ठरवायची जागा उरत नाही.
हे वर्गात फळ्यावर लिहिणं सोपं असतं.

महिन्याने केसाचा अहवाल आला. एक ओळ.
माणसाचा.
मला वाटलं, तो खजील होईल.
तो हसला, तंबाखूने काळे झालेले दात दाखवत.
"मग बरोबरच. आमचा आजा सांगायचा,
साहेब मोजणीला आला, नाव विचारलं,
तेव्हा एकाने नाव नाही सांगितलं.
तो रानात गेला तो गेलाच."

मग पिशवीतून फाइल काढली.
वनहक्काचा दावा. किती घड्या पडलेल्या.
शेतातल्या आंब्याचं वय, जुनी दंडाची पावती,
दोन म्हाताऱ्यांचे जबाब, अंगठे.
कायद्यात म्हाताऱ्याचा जबाब चालतो.
खाली शिक्का: पुराव्याअभावी नामंजूर.
"पुरावा काय असतो ते मला माहीत आहे," तो म्हणाला,
आवाज न चढवता.
"तुम्ही निदान काट्यावर ठेवून तरी बघितलंत."

मला तेव्हा चहा सांगायचं सुचलं, दुसरं काही नाही.

संध्याकाळी टिपण लिहायला बसले.
'असा प्राणी नाही' लिहिलं. खोडलं.
'असा प्राणी आढळला नाही.'
त्याखाली, कुणी विचारलेलं नसताना, आणखी एक ओळ:
अस्वल आहे.

जाताना त्याने आगपेटी परत मागितली होती.
मी केस चिमट्याने उचलून द्यायला लागले,
तर म्हणाला, "तो राहू द्या तुम्हाला.
पेटीत दोन काड्या आहेत अजून."