भरती

म्हापशाहून शिवोली, ऑक्टोबरचं ऊन,
कंडक्टरने सुट्टे नाहीत म्हणून
हातावर एक पेपरमिंटची गोळी ठेवली.

मला फळ्या मोजायच्या होत्या.
नदीकाठची लाकडी पायवाट, काम पूर्ण, बिल अडकलेलं,
त्रयस्थ तपासणी: आमची कंपनी, कोल्हापूर.
कागदावर चारशे बारा फळ्या.
माझ्याकडे टेप, खडू, मोजमापाचं पुस्तक,
आणि दुपारचे दोन, म्हणजे अख्खं गाव आडवं.

या जागेला तार म्हणतात.
पूल झाला तशी फेरीबोट गेली, नाव मागे राहिलं.
धक्क्याचा उतार अजून पाण्यात शिरतो,
सवयीने.

दर दहाव्या फळीवर खडूची एक रेघ.
फटींतून खाली चिखल, चिखलात
एकच हात मोठा असलेले खेकडे
कुणाला तरी बोलावत होते. मला नव्हे.
एकशे चौऱ्याण्णववर कुत्रं झोपलेलं,
त्याच्या अंगाखालची अंदाजाने धरली.
दोनशे त्रेसष्टवर पिएदाद,
पाय खाली सोडून, शेजारी तिसऱ्यांची टोपली.
"खंयचें गो तूं?"
जत, मी म्हणाले. सांगली जिल्हा. तिकडे पाणी नाही.
"मागीर कितें आसा थंय?"
हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.
डाळिंबं, मी म्हणाले, बऱ्याच वेळाने.
ती हसली, आणि माझा आकडा गेला.

पुन्हा पहिलीपासून. चारशे नऊ.
पुन्हा. चारशे नऊ.
टोकाला तीन जागा मोकळ्या, लागोपाठ,
पुढचे दात पडलेल्या पोरासारखी पायवाट
तिथे नदीकडे बघून हसत होती.

"तीन फळीं उणीं, न्ही?"
पिएदादने तोंड वर केलं नाही, हात तिसऱ्यांत.
सांजांवाच्या फेस्ताला दोन होड्या जोडून सांगोड बांधला,
वाजपवाले चढले, वर दोन जावई चढले,
तळाला फळ्या कमी पडल्या.
मग परत?
"दोन इनासाच्या न्हाणयेक आसात."
आणि तिसरी?
"तें भरतेन व्हेलें."

आमच्याकडे भरती म्हणजे मुरूम,
पायात घालून धुम्मसाने ठोकायचा.
नाहीतर पहाटे साडेचारला डांबरी रस्त्यावर
पळणारी पोरं, छातीवर चुरगळलेला नंबर.
माझा भाऊ तीन वर्षं पळाला.
दोन्ही भरत्यांत काहीतरी खाली घालून
वर काहीतरी उभं करायचं असतं.
आपोआप येते आणि उचलून नेते
अशी भरती मी ऐकून होते, भूगोलात.

मी पालथी झोपले, साडीवर असते तर जमलं नसतं,
मोकळ्या जागेतून टेप खाली सोडला.
फळीपासून पाणी: सहा फूट दोन इंच.
पिएदाद टोपली उचलून निघाली,
जाताना वर्तमानपत्रात मूठभर तिसऱ्या बांधून दिल्या,
यांचं मी कोल्हापूरला काय करू, विचारायचं राहिलं.
पुन्हा पाहिलं: पाच फूट दहा.

पुस्तकात रकाना होता, तुटीचं कारण.
दोन फळ्यांपुढे लिहिलं: स्थानिक वापर.
तिसरीपुढे लिहिलं: भरती.
साहेब फोनवर विचारतीलच, किती ब्रास?

पाच फूट चार.
खेकडे आपापल्या भोकांत गेलेले,
कुत्रं उठून गेलेलं, म्हणजे खालची फळी होती.
शेवटची बस साडेसातची, असं पाटीवर होतं,
पाटीवर कुणी विश्वास ठेवत नाही, असं पिएदाद म्हणाली होती.
पाच फूट एक.
टेपच्या टोकाची पितळी चकती आता बुडाली,
आणि कुणीतरी खालून हलकेच ओढून पाहावं
तसा टेप
एकदा ताणला गेला.